ज्येष्ठ नागरिक : दोन

महाल, नागपूर
७ सप्टेंबर २०२५

दादा,

‘पत्र लिहिण्यास कारण की’ हे वाक्य मी बत्तीस वर्षं पाचवीच्या पोरांकडून गिरवून घेतलं. आज स्वतः लिहायला बसले तर कारणच सापडेना. सुमंतच्या लग्नापासून, म्हणजे आठ वर्षांत, तू माझा एक फोन उचलला नाहीस. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन दारात टाकून जातो.

कारण आहे म्हणा. माझ्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जून आहे. ती खोटी आहे हे मला चांगलं माहीत आहे, कारण पुढे शिक्षिका झाल्यावर मीही निम्मा वर्ग एक जूनलाच जन्माला घातला. खरी तारीख आई सांगायची, ती मी विसरले. तू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, तुला आठवत असेल तर कळव. एवढंच काम होतं.

आता लिहायला बसलेच आहे तर ही तारीख आत्ताच कशाला हवी, तेही सांगते. सुमंतनं सहल काढली आहे. दिवाळीच्या सुट्टीत, आठ दिवसांची. मुंबईच्या अलीकडे डोंगरात एक मोठं थीम पार्क आहे, तिथे दोन दिवस. मग पाण्याच्या घसरगुंड्यांचं दुसरं पार्क, एक दिवस. मग अलिबाग आणि काशीद, समुद्रकाठी चार दिवस. गार्गीला उंच पाळण्यात बसायचं आहे आणि वाळूचा किल्ला करायचा आहे. गार्गी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. तू तिला पाहिलेलं नाहीस.

मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, घर मी सांभाळते. तर पोरगा म्हणतो, “तुह्याशिवाय काय मजा, आई?” दादा, मागच्या वर्षी चिखलदऱ्याला जाताना याला माझ्याशिवाय भरपूर मजा आली होती. फोटो पाहिले ना मी. तेव्हाच मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

परवा पायल, माझी सून, माझ्यासाठी पांढरे बूट घेऊन आली. पळायचे असतात तसले. “आई, तुम्हाले वाळूत चालवते ना?” म्हणाली. त्रेसष्ट वर्षांच्या सासूला सून वाळूत का चालवते आहे? आधार कार्डाचा फोटोही तिनेच काढून घेतला, तोही दोन्ही बाजूंनी. आणि निघायचं कधी, तर भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी. सणाच्या दिवशी कोण घर सोडतं? विचारलं तर म्हणे तिकिटं तेवढीच मिळाली. मग मीच म्हटलं, ठीक आहे. भाऊबीजेला माझ्याकडे असतं तरी काय? गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. दहा मिनिटांचं काम.

समुद्र म्हटला की मला तू आठवतोस. भूगोलाच्या पुस्तकात चित्र होतं आणि तू मला सांगितलं होतंस की समुद्र म्हणजे अंबाझरी तलावाच्या दुप्पट. मी ते परीक्षेत लिहिलं आणि मार खाल्ला.

लग्नाचा विषय मी काढत नाही. मुहूर्त कोणासाठी थांबत नसतो, एवढंच. तारीख कळव.

कामिनी


महाल, नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. पण इकडे पुरावा सापडला आहे आणि तो सांगायला दुसरं माणूस नाही.

गार्गीची रंगपेटी शोधत होते. सुमंतची बॅग उघडीच होती, वर एक छापील कागद पडलेला. मी काही झडती घेत नव्हते. थीम पार्कची तिकिटं होती. प्रौढ : दोन. मूल : एक. तिथे मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं. हे मला फार पटलं, कारण वय खोटं सांगता येतं, उंची नाही. आणि खाली लिहिलेलं, ज्येष्ठ नागरिक : दोन.

दादा, आमच्या घरात ज्येष्ठ नागरिक एकच आहे.

रात्रीच्या जेवणाला सहज विचारलं, “का रे, आपण किती जण चाललो?” सुमंत वरणात बघत म्हणाला, “आपणच.” “आपणच म्हणजे किती?” “आई, तू काहून टेन्शन घेऊन राहिली? जेव ना.” पायल उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसरी ज्येष्ठ नागरिक म्हणजे अमरावतीच्या आमच्या विहीणबाई, कांताबाई. त्यांना समुद्र दाखवायचा आहे, सामान आणि नात सांभाळायला मला न्यायचं आहे. म्हणून ते बूट. मी दुसऱ्या दिवशी त्यांनाच फोन लावला. “दिवाळीत काय बेत, विहीणबाई?” तर म्हणाल्या, “कायचा बेत वं बाई! गुडघ्यानं जीव घेतला. डॉक्टरनं जिनाही चढू नका सांगतलं. मी कुठंच जाऊन नाही राहिली.” गुडघ्याचं वर्णन त्यांनी पाव तास केलं, आणि माझी खात्रीच पटली. परीक्षेच्या खोलीत ज्याच्या खिशात कॉपी असते, तोच पहिल्यांदा पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतो.

या बाईंचं मी आधीच खूप सहन केलं आहे. लग्नाच्या दिवशी तुझी जागा गेली ती यांच्यामुळे. सुमंतचे बाबा आधीच गेलेले. स्थळ तू पाहिलंस, बोलणी तू केलीस, मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या मागे मामा म्हणून तूच उभा राहणार होतास. काटोलहून येताना कळमेश्वरजवळ तुझी जीप पंक्चर झाली. इकडे कांताबाई मनगट वर करून सारखं घड्याळ बघत होत्या. शेवटी आमच्या शेजारच्या चंद्रभानजींना मामाच्या जागी उभं करावं लागलं. भला माणूस, उभं राहा म्हटलं, राहिला. तू दारापर्यंत आलास आणि न जेवता निघून गेलास. यात माझा काय दोष? मुलीकडच्या लोकांपुढे माझं काय चालणार होतं?

असो. तारखेचं विसरू नकोस.

कामिनी


महाल, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

दसऱ्याला तुझ्या नावानं सोनं देवापुढे ठेवलं. दरवर्षी ठेवते, सांगत नाही.

आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. मंगळवारी दुपारी मी पडले होते. पायलला वाटलं झोप लागली. ती स्वयंपाकघरात फोनवर हळू बोलत होती. मला ऐकू आलं ते असं : “नाही, आईंना काहीच सांगतलं नाही... आधी समजलं तर निघणारच नाहीत... एकदा तिथं पोचल्या की मग कुठं जातीन?”

विहीणबाईंचा विषय केव्हाच मागे पडला. आमच्या शाळेतल्या एका बाईंना त्यांच्या मुलानं देवदर्शनाला म्हणून नेलं होतं आणि एका आश्रमात ठेवून आला. बाग छान आहे म्हणे. मी उठून पांढरे बूट पलंगाखाली ढकलले. दोन्ही बाजूंनी काढलेला आधार कार्डाचा फोटो आठवला. फॉर्म भरायलाच लागतो ना तो.

पण मीही बत्तीस वर्षं पोरांचे डाव ओळखत आले आहे. शेजारच्या दीप्तीकडून मुंबई ते नागपूर माझं एकटीचं परतीचं तिकीट काढून घेतलं. ते देवाच्या पोथीत ठेवलं आहे. घरात कोणालाच पत्ता नाही.

आणि मग काल हे झालं. गार्गी माझ्या खोलीत पाळण्यांची चित्रं काढत बसली होती. म्हणाली, “आजी, पार्कमधला पाळणा त्या आजोबांच्या झोक्यापेक्षा उंच असते का वं?”

“कोणते आजोबा गं?”

तिनं तोंडावर हात ठेवला. “मम्मीनं सांगतलं, सांगाचं नाही.”

तिच्या अमरावतीच्या आजोबांकडे झोका नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे त्यांचा. संध्याकाळी सुमंत पिशवीभर संत्री घेऊन आला, या दिवसांतली आंबिया बहाराची, अजून हिरवट. “कॉटन मार्केटातून आणली,” म्हणाला. मी एक हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले.

बाबा संत्रं कधी ओढून तोडू द्यायचे नाहीत, आठवतं? कात्रीच लावायची. बाजारात जाणारं असेल तर देठ अगदी फळालगत कापायचं. पण लग्न होऊन गेलेल्या लेकीकडे पाठवायचं असलं तर देठाला एक पान ठेवायचं. आत्याकडे तशी जायची. माझ्याकडेही तशीच यायची, बाबा गेल्यावर तू पाठवायचास. आठ वर्षं झाली, या घरात पानाचं संत्रं आलं नव्हतं. काल आलेल्या पिशवीत एकोणीस संत्री होती आणि एकोणीसही पानाची.

कॉटन मार्केटात मी चाळीस वर्षं जाते आहे. तिथं कोणी कोणाच्या लेकीसाठी पान ठेवत नाही.

म्हणून आता सरळ विचारते. माझा पोरगा तुझ्याकडे येतो का? गार्गी तुझ्या झोक्यावर बसली आहे का? आणि माझ्याविरुद्ध जे काही शिजतं आहे, त्यात तूही आहेस का?

कामिनी


महाल, नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

मी पायलला विचारलं. सुमंत बाहेर गेला होता. ती चकलीचं पीठ मळत होती. मी समोर पानाचं संत्रं ठेवलं आणि म्हटलं, “दुसरा ज्येष्ठ नागरिक कोण, ते आता सांग.”

ती पीठ मळता मळताच म्हणाली, “काटोलचे मामाजी.”

तिनं सगळं सांगितलं. लग्नानंतर एका वर्षाच्या आतच सुमंत तुझ्याकडे जायला लागला. दर उन्हाळ्यात मला “मित्राच्या शेतावर” सांगून ते तिघं तुझ्याकडे असतात. फोनवरही ती तुझ्याशीच बोलत होती. “तुम्हा दोघांना समुद्रावर आमनेसामने आणावं, असं चाललं होतं, आई. तिथून तुम्ही कुठं जासान?” माझा पोरगा सात वर्षं माझ्याशी खोटं बोलला आणि मला त्याचा रागही येईना.

मी विचारलं, “दादा येतो म्हणाला?”

पायल म्हणाली, “आपल्याच गाडीचं, दुसऱ्या डब्यातलं तिकीट काढलं आहे, पण पक्कं काही सांगत नाहीत. म्हणतात, ‘तिचे पत्रं येऊन राहिले. अजून एक पत्र याचं हाय. ते आलं की सांगतो.’”

दादा, कोणतं पत्र यायचं आहे ते मला कळलं. हे पाच आठवडे मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. जन्मतारीख काय, विहीणबाई काय. तू सगळं वाचत होतास आणि मी तेवढं सोडून सगळं लिहीत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी.

तर लिहिते.

मुहूर्त बारा एकवीसचा होता. बारा पंधराला तुझा फोन आला, “फेटरी गाव सोडलं, दहा मिनिटांत पोचतो.” तो मीच घेतला. मी भटजींना सांगितलं. ते म्हणाले, “ताई, पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. मामांना येऊ द्या.” कांताबाई घड्याळ बघत होत्या हे खरं. पण भटजींचं ऐकून त्याही म्हणाल्या होत्या, “हो हो, मामाले येऊ द्या.” हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उलट सगळ्यांना त्यांचंच नाव सांगत आले.

अमरावतीहून दीडशे माणूस आलं होतं. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. ‘नवरा नसलेल्या बाईच्या घरचं कार्य, वेळेवर कसं होणार?’ असं कोणीतरी म्हणत असेल. कोणीही म्हटलं नव्हतं, दादा. मला शंका आली. आणि त्या शंकेपायी मीच भटजींना म्हटलं, “सुरू करा. दादाचं नेहमीचंच आहे.”

नेहमीचंच! सुमंतच्या बाबांच्या आजारपणात पहाटे साडेचारला काटोलहून डबा घेऊन पोचणारा तू. आयुष्यात एकदा उशिरा आलास, तेही चार मिनिटं.

अक्षता पडत होत्या तेव्हा मी तुला पाहिलं. मांडवाच्या दाराशी होतास, पायात चपलाही नव्हत्या, धावत आला असशील. तू चंद्रभानजींना सुमंतच्या मागे उभं पाहिलंस. हातातली पिशवी खुर्चीवर ठेवलीस आणि वळलास. मी हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. लोकांपुढे कशी मारायची, म्हणून मारली नाही. नंतर सगळ्यांना सांगत सुटले की दादा मानपानासाठी रुसला. पिशवीत सुमंतसाठी फेटा होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. त्याची घडी मी मोडली नाही.

चूक माझी होती. भटजींची नाही, विहीणबाईंची नाही, तुझ्या जीपची तर नाहीच.

अजून एक. आमच्या शाळेची सहल दोनदा गणपतीपुळ्याला गेली. दोन्ही वेळा मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. पाय ठीक होता. समुद्र पाहायला आपण दोघं जाऊ असं तू म्हणाला होतास, म्हणून गेले नाही. पहिल्या वेळी तुझ्याकडे सवड नव्हती, दुसऱ्या वेळी तू माझ्याशी बोलत नव्हतास.

तू आला नाहीस तरी मी समजून घेईन, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. तू यायलाच हवास. मला भीती एवढीच वाटते की स्टेशनवर मला पाहून तू पुन्हा वळशील. या वेळी वळलास तर मी हाक मारीन. सगळा फलाट ऐकेल अशी मारीन.

कामिनी


काटोल
१८ ऑक्टोबर २०२५

कामिनी,

हे पोस्टात टाकलं त दिवाळीच्या सुट्टीत अडकन, म्हून सुमंतजवळ संत्र्याच्या पिशवीत ठेवून देऊन राहिलो. मले लिहाची सवय नाही. जसं बोलतो तसं लिहितो.

चारही पत्रं भेटली. चौथ्याचीच वाट पाहून राहिलो होतो.

तू काय म्हटलं होतं ते मले लग्नानंतर आठ दिवसांनीच समजलं. चंद्रभानजी इथवर आले होते, माफी मागाले. रडत होते बिचारे. म्या म्हटलं, तुमची काहीच चूक नाही, बसा, जेवून जा. सारं माहीत होतं मले. पण ते तुह्या तोंडून पाहिजे होतं. त्याच्यापायी आठ वर्षं गेले. त्याच्यातले चार वर्षं माह्या नावावर धर. फोन उचलला असता त तू कधीचीच बोलली असती. म्या उचलला नाही. मलेही पीळ हाय.

आता ऐक. सहल सुमंतची नाही, माही हाय. मे महिन्यात पोरं इथं आले होते, तवा म्याच काढली. गार्गीले पाळणे पाहिजे होते, मले समुद्र. सुमंत म्हणे, आईले सरळ सांगू. म्या म्हटलं, सरळ सांगतलं त ते येणार नाही. तिले शंका येऊ दे. शंका आली की ते तपास कराले कुठंही जाते, लहानपणापासून पाहून राहिलो. तिकिटाचा कागद बॅगेत वरच ठेव, हेही म्याच सांगतलं. पोरगी बोलून गेली ते मात्र तिचं तिनंच. संत्र्याले पान म्या ठेवलं, एकेकाले, माह्या हातानं.

तुही तारीख मले माहीत नाही. एवढं माहीत हाय का तान्हा पोळा होता, मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस. मी लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरून राहिलो होतो. आत्या धावत आली, म्हणे घरी चाल, बहीण झाली. मी पळत सुटलो. बैल कोणाच्या ओट्यावर राहिला, तो मग भेटलाच नाही. मले त्याचं काही वाटलं नाही.

पोथीतलं परतीचं तिकीट रद्द कर. बूट पलंगाखालून काढ. फेटा सोबत आण, सुमंतले बांधून द्याचा राहिला हाय. चंद्राले यंदा सुट्टी दे. अन् समुद्र अंबाझरीच्या दुप्पट नसन, त मले तिथं चारचौघांत बोलू नको.

भाऊबीजेले पाच वाजता स्टेशनाच्या मोठ्या दारात भेटाचं ठरलं हाय. मले चार मिनिटं उशीर होईन.

थांबजो.

तुहा दादा